द्विवचन

प्तुय हे नाव ताईला शेवटपर्यंत धड म्हणता आलं नाही. ३२ वर्षं शाळेत संस्कृत शिकवलेली, ‘कार्त्स्न्य’ एका दमात म्हणणारी बाई, पण ‘प’ आणि ‘त’च्या मध्ये तिच्या जिभेला जरासं टेकायला एक ‘अ’ लागायचाच. ‘पतूय.’ शेवटी तिनं नाद सोडला आणि चारही दिवस त्या गावाला ‘तुझं ते पतुई’ म्हणत राहिली. जसं काही ते मीच वसवलंय.

स्लोव्हेनियाच्या ईशान्य कोपऱ्यात, द्रावा नदीच्या काठी, जेमतेम १८ हजार वस्तीचं हे गाव. ताई पाच आठवड्यांसाठी माझ्याकडे ग्राट्सला आली होती. ग्राट्स ऑस्ट्रियात असलं तरी सरहद्द हाकेच्या अंतरावर आहे. गाडीनं तासाभरात मारिबोर, मग प्रागेर्स्कोला गाडी बदलायची की आलं प्तुय. सप्टेंबर संपत आला होता, द्राक्षांची तोडणी चालू होती. दोघींनी कुठंतरी जावं असं मला फार वाटत होतं. शिवाय घरात बसून राहिलो असतो तर तो विषय निघाला असता आणि आमच्यापैकी एकीनं तरी दार आपटलं असतं.

तो विषय म्हणजे चिपळूणचं घर.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आमच्या माजघरातून वाहत होती. ताई, भावोजी, दादा, वहिनी असे सगळे माळ्यावर. खाली धान्याचे डबे तरंगत एकमेकांवर आपटत होते, त्याचा आवाज रात्रभर येत होता, असं ताई सांगते. पाणी ओसरलं तेव्हा घरात घोट्याच्या वर चिखल. तो चिखल मी व्हिडिओ कॉलवर पाहिला. ताईनं आणि दादानं तो फावड्यानं काढला, मग खराट्यानं, मग बोटांनी. आईच्या शिवणयंत्राच्या फटींतला तर वेणीच्या पिनांनी. दोन वर्षांनी एका रविवारी ताईचा फोन आला. ‘‘आम्ही घर विकायचं ठरवलंय.’’

‘आम्ही’ ठरवलंय. ‘आपण’ नाही.

ऑस्ट्रियन नवऱ्याला हे समजावताना माझी पुरेवाट झाली. जर्मनमध्ये दोन्हीला एकच शब्द. त्याला मी सांगितलं, ताई म्हणाली की आम्ही ठरवलं. तो म्हणाला, ‘‘तुम्ही ठरवलंत ना? मग तू रडतेस कशाला?’’ ऐकणाऱ्याला आत घ्यायचं की उंबऱ्याबाहेर ठेवायचं हे एका सर्वनामात सांगायची मराठीची सोय त्याच्या भाषेत नाही. त्यामुळे त्या शब्दानं किती लागतं, हेही त्याला कळायची सोय नाही.

तर अशा दोघी आम्ही प्रागेर्स्कोच्या फलाटावर बसलो होतो. पुढची गाडी सुटून गेली होती, कारण ताईला स्टेशनाच्या कुंपणावरची कसलीतरी वेल ओळखून बघायची होती. पन्नासेक मिनिटं काढायची होती. तिनं डब्यातून थालीपीठ काढलं, मी थर्मास. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, गुडघ्यांच्या झाल्या. ही रेल्वे १८६० पासून आहे, असं मी सांगितलं. ‘‘हो का,’’ ताई म्हणाली. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

प्तुयला उतरण्याच्या जरा आधी गाडी पुलावरून द्रावा ओलांडते. त्या वेळी डाव्या खिडकीशी असावं. टेकडीवर किल्ला, त्याच्या पायथ्याशी लाल कौलांची एकमेकींना रेटून बसलेली घरं, मधून एक घड्याळाचा मनोरा वर आलेला, आणि हे सगळं पुन्हा एकदा उलटं, पाण्यात. ताई खिडकीशी आली. तिनं किल्ला पाहिला नाही, कौलंही नाहीत. पाण्याकडे बघत म्हणाली, ‘‘किती सुस्त आहे गं ही.’’

खरं आहे. इटलीच्या दक्षिण टिरोलमध्ये उगम पावणारी द्रावा ऑस्ट्रिया ओलांडून इथं येते आणि पुढं क्रोएशियात डॅन्यूबला मिळते. पण स्लोव्हेनियातल्या तिच्या वाटेवर आठ जलविद्युत केंद्रं आहेत. प्तुयच्या वरच्या अंगाला तिचं पुष्कळसं पाणी कालव्यानं झ्लातोलिच्येच्या वीजघराकडे नेलंय, आणि गावाच्या खालच्या अंगाला १९७८ साली फोर्मिन केंद्रासाठी तिला अडवून भलामोठा जलाशय केलाय. त्यालाच इथं प्तुयचं तळं म्हणतात. गावाजवळ येता येता नदी तळ्यासारखी होते ती त्यामुळे. मी हे सांगितल्यावर ताईनं मान हलवली. कोयनेचं अवजल वाशिष्ठीत येतं हे चिपळूणच्या माणसाला शिकवावं लागत नाही. नदीला किती पाणी असावं हे कुठल्यातरी वीजघरात ठरतं, ही गोष्ट तिला नवी नव्हती.

‘‘हिला पूर येत नसेल मग.’’

‘‘येतो की. २०१२ च्या नोव्हेंबरात आला होता. फोर्मिनच्या कालव्याचा बांध फोडला त्यानं.’’

‘‘बघ,’’ ताई म्हणाली. कुणाला ‘बघ’ म्हणाली कोण जाणे.

प्तुयमध्ये जुनं काही जपून ठेवलंय असं म्हणणं मला नेहमीच थोडं खोटं वाटतं. जुनं वापरात ठेवलंय, असं म्हणावं. याचा सगळ्यात मोठा नमुना स्लोव्हेन्स्की त्रग या चौकात उभा आहे: पोहोर्येच्या डोंगरातल्या पांढऱ्या संगमरवराची जवळपास ५ मीटर उंच शिळा. रोमन काळात हे गाव पोएतोव्हिओ होतं, मोठं सैन्यठाणं. इसवी सन ६९ मध्ये रोमच्या गादीसाठी यादवी माजली तेव्हा वेस्पासियनच्या बाजूचे सेनापती इथंच जमले आणि इटलीवर चालून जायचं ठरवून उठले. पुढं ट्रेजनच्या काळात गावाला वसाहतीचा दर्जा मिळाला. त्या वैभवाच्या दिवसांत, दुसऱ्या शतकात, मार्कुस वालेरिउस वेरुस नावाच्या नगरप्रमुखाची समाधी म्हणून ही शिळा उभी राहिली. तिच्यावर ऑर्फियस कोरलेला आहे.

ऑर्फियसची गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. बायको मेली म्हणून पाताळात गेला, गाणं म्हणून तिथल्या राजाराणीला वितळवलं, बायको परत मिळवली आणि अगदी शेवटच्या पावलाला मागं वळून बघितल्यामुळं कायमची गमावली. शिळेच्या मध्यावर तो वीणेसारखं वाद्य घेऊन बसलाय, भोवती जनावरं जमलीत. खालच्या चौकटीत तो पाताळात उभा आहे. पण हे सगळं ठाऊक असेल तरच दिसतं. अठराशे वर्षांच्या पावसानं संगमरवराची साखर झालीय. जनावरांचे नुसते उंचवटे राहिलेत. लेख तर गेलाच. मी ताईला बोटानं दाखवत होते, हे बघ वाद्य, हा गुडघा, आणि ती पायथ्याशी वाकून भलतंच काही शोधत होती.

‘‘इथं काय बांधायचे?’’

तिला नेमकं कसं कळलं, मला माहीत नाही. मध्ययुगात या शिळेचा खोडा करून टाकला होता. गुन्हेगाराला लोखंडी कड्यांना जखडून हिच्यापाशी उभं करायचे आणि येणारेजाणारे त्याची शोभा बघायचे. नगरप्रमुखाची समाधी आहे, प्रेमकथा आहे, याची कुणाला पडलेली नव्हती. चांगला उंच दगड आहे, बाजाराच्या तोंडाशी आहे, झालं.

‘‘म्हणून वाचला,’’ ताई म्हणाली. ‘‘नाहीतर चुना करून टाकला असता.’’ आमच्याकडे जात्याच्या तळ्या परसातल्या न्हाणीपुढं पायरी म्हणून घातल्या आहेत, आणि पुरात सगळं इकडचं तिकडं झालं तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. तिला तेच आठवलं असणार. मलाही तेच आठवलं. बोलली मात्र दोघींपैकी कुणी नाही.

शिळेच्या मागं जो घड्याळाचा मनोरा आहे त्याच्या भिंतींत रोमन दगड चिणलेले आहेत: वेदीचे तुकडे, अर्धी अक्षरं, एखादं डोकं. हे काम सिमोन पोवोदेन नावाच्या एका पाद्र्याचं. गावभर उकिरड्यांत, कुंपणांत पडलेले रोमन दगड त्यानं गोळा केले आणि १८३० मध्ये मनोऱ्यात बसवून टाकले. वस्तुसंग्रहालयाची इमारत नव्हती, तर भिंत होती. स्लोव्हेनीत ‘पोवोदेन्य’ म्हणजे पूर. या बाबाचं आडनाव पुरासारखं, आणि त्यानं वाहून चाललेलं गोळा केलं, यावर ताई पहिल्यांदा मोकळी हसली.

पण तिची खरी कळी खुलली ती दुसऱ्या दिवशी, हायदिनाला. गावाच्या पलीकडच्या तीराला स्पोद्न्या हायदिना म्हणून वस्ती आहे. मागच्या अंगणात कोबी लावलेली साधी घरं, आणि त्यांच्यामध्ये एक छोटी दगडी खोली. आत मिथ्रासचं देऊळ, १८९८-९९ मध्ये सापडलेलं. रोमन जकात खात्यात काम करणाऱ्या गुलामांनी दुसऱ्या शतकात इथं हा देव आणला. त्या काळच्या प्तुयमध्ये या देवाची एकापेक्षा जास्त देवळं होती. जमिनीखाली चार हात, दोन बाजूंना ओटे, मध्ये बोळ. हा देव बैल मारतो. तरीही ताई हात जोडून उभी राहिली.

‘‘मित्र आहे हा.’’

रोमन मिथ्रासचा इराणी मिथ्राशी किती संबंध यावर विद्वान अजून भांडतायत, हे मी तिला सांगितलं. भांडू देत, असा तिचा चेहरा. नावाचं मूळ तर तेच ना. मग तिथंच, बैलाच्या पुढ्यात, तिचा तास सुरू झाला. ‘‘ऋग्वेदात मित्राच्या एकट्याच्या वाट्याला एकच सूक्त आहे, ठाऊक आहे? तिसऱ्या मंडलातलं. बाकी सगळीकडे तो वरुणाबरोबर. मित्रावरुणौ. द्वंद्व समास, द्विवचन. आणि गंमत म्हणजे दोन्ही पदं द्विवचनासारखी. ‘मित्रवरुणौ’ नाही, मित्राऽवरुणौ. जोडीतल्या प्रत्येकाला जोडीची खूण.’’ बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू झाला. ‘‘इथं एकटाच आला बिचारा,’’ ती म्हणाली. ‘‘वरुणाला मागं ठेवून.’’

त्या रात्री जेवायला गेलो तेव्हा मग हे घडलं. नदीकडेच्या गल्लीत एक साधी खानावळ होती, टेबलांवर चौकड्यांचे कपडे. भोपळ्याच्या बियांचं तेल घातलेली कोशिंबीर आधी आली. हे तेल इतकं गडद हिरवं असतं की बशीत काळं दिसतं, आणि त्याला भाजलेल्या तिळासारखा खमंग वास. त्यात इथला चपटा तांबूस कांदा. ‘ल्यूक’ म्हणतात त्याला, युरोपीय महासंघाचं भौगोलिक मानांकन मिळालेला. ताईनं कांदा चावून बघितला आणि अलिबागच्या पांढऱ्याची सर नाही, असा निकाल दिला. तेलाला मात्र पूर्ण गुण. पावानं बशी पुसून खाल्ली.

वाढणारी मुलगी वही घेऊन आली. ‘‘स्ता झे इझ्ब्राली?’’

मी उत्तर देणार इतक्यात ताईनं माझा हात धरला. ‘‘काय म्हणाली? ‘स्था’ म्हणाली का?’’

‘‘ठरलं का, असं विचारतेय. तुम्हा दोघींचं.’’

‘‘दोघींचं असं कुठं म्हणाली?’’

‘‘‘स्ता’ म्हणाली ना. ते दोघांनाच म्हणतात. तिघी असतो तर ‘स्ते’ म्हणाली असती.’’

ताई माझ्याकडे बघत राहिली. ती पोर तिच्याकडे. मी काहीतरी मागवून पोरीला वाटेला लावलं, कारण पुढचा अर्धा तास आमच्या टेबलावर दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. ग्राट्समध्ये मी दोन हिवाळे संध्याकाळच्या वर्गाला जाऊन थोडीफार स्लोव्हेनी शिकले आहे. ‘असणे’ या क्रियापदाचा वर्तमानकाळ मी तिला कागदी रुमालावर लिहून दिला. सेम, सि, ये. स्वा, स्ता, स्ता. स्मो, स्ते, सो. ताईनं चष्मा लावला, माझ्या हातातून पेन घेतलं आणि प्रत्येकाच्या समोर लिहीत गेली. अस्मि, असि, अस्ति. स्वः, स्थः, स्तः. स्मः, स्थ, सन्ति.

रुमालावर तेलाचा एक डाग होता, तो पसरत ‘स्वः’पर्यंत आला. तिनं रुमाल उचलून कोरड्या जागी ठेवला.

३२ वर्षं तिनं पोरांना द्विवचन शिकवलं आणि ३२ वर्षं पोरांनी विचारलं, बाई, हे कशाला पाहिजे? एक आहे, अनेक आहे, मध्ये दोन कशाला? तिच्याकडे उत्तर नव्हतं. प्राकृतांनीच ते टाकून दिलं, मराठीपर्यंत ते आलंच नाही. परीक्षेत दोन गुणांसाठी येतं, असं ती सांगायची. आणि इथं एक विशीतली पोरगी, कमरेला ॲप्रन, कानात डूल, ते सहज तोंडातून टाकून निघून गेली. जेमतेम वीसएक लाखांची ही भाषा. या लोकांवर शेकडो वर्षं जर्मन बोलणाऱ्यांचं राज्य. या प्तुयचंच नाव तेव्हा पेटाऊ होतं, आणि गावात रुबाब जर्मनचा. स्लोव्हेनी होती ती आजूबाजूच्या खेड्यांत, शेतात, स्वयंपाकघरात. तिथं ‘आपण दोघं’ म्हणायची गरज बहुधा रोज पडत असणार.

‘‘म्हणजे बघ,’’ मी म्हटलं, ‘‘यांनी द्विवचन सांभाळलं, आपण आम्ही-आपण.’’

माझ्या तोंडून निघून गेलं. ताईनं पेनाचं टोपण लावलं.

‘‘हात, पाय, डोळे, सगळं द्विवचनात का गं यांचं? हस्तौ, नेत्रे?’’

मला माहीत होतं, नाही. संस्कृताच्या अगदी उलटं आहे. हात-पाय-डोळे या जन्मजात जोड्या स्लोव्हेनीत साध्या बहुवचनात येतात. मुद्दाम ‘दोन’ किंवा ‘दोन्ही’ म्हणायचं असलं तरच द्विवचन. आईवडीलसुद्धा बहुवचनात. ताईला ते अजिबात पटलं नाही. पितरौ हा द्विवचनाचा पहिला धडा, आणि हे लोक तिथंच चुकतात! मी म्हटलं, जे दोन असणारच आहे त्याला कशाला खूण? एरवी जे एकेकटं राहिलं असतं त्यालाच ती लागत असेल. हा माझा व्याकरणातला शोध अर्थातच कुठल्याही पुस्तकात नाही. ताईनं तो खोडून काढला नाही, एवढं मात्र नोंदवते.

तिसऱ्या दिवशी हालोझे. द्रावेच्या दक्षिणेला एकामागं एक उठलेल्या टेकड्या, त्यांच्या अंगावर द्राक्षमळे. चित्रात बघितलं तर हिरव्या रांगोळीसारखं दिसतं, पण तिथं उभं राहून बघावं. उतार इतका उभा की एक गुडघा कायम वाकलेला ठेवावा लागतो. आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण आपल्या मळ्यात तोडणीला घेऊन गेली. साठीच्या आतबाहेरची बाई, इकडच्या बऱ्याच मोठ्या माणसांसारखं जर्मन बोलणारी. हातात कात्री दिली, बादली दिली. शिपोनचे घड होते. या द्राक्षाला हे नाव नेपोलियनच्या शिपायांमुळं पडलं, ते वाइन पिऊन ‘से बों’ म्हणाले, अशी गोष्ट इथं सांगतात. मालकिणीनं ती सांगितली आणि स्वतःच हसली. पंधरा मिनिटांत बोटं एकमेकांना चिकटायला लागली, मग गांधीलमाश्या आल्या. सडका मणी दिसला की कात्रीच्या टोकानं काढून टाकायचा, हे ताईनं एकदा बघितलं आणि माझ्यापुढं दोन रोपं निघून गेली.

मधूनच खडखडाट सुरू होई. टेकडीच्या माथ्यावर उंच खांबाला एक लाकडी पवनचक्की, तिच्या दांड्याला हातोड्या, खाली फळी. वारा आला की हातोड्या फळीवर पडतात. टक-टक-टक-टक. हा क्लोपोतेत्स, या भागातला पाखरं राखायचा गडी. जुलैअखेरीला, संत याकोबाच्या सणाला उभा करतात आणि नोव्हेंबरच्या ११ तारखेला, संत मार्टिनच्या दिवशी उतरवतात. त्या दिवशी रसाची वाइन झाली असं मानून हंस भाजतात. प्रत्येक क्लोपोतेत्सचा आवाज वेगळा. मालकीण मान न वळवता सांगत होती, हा आमचा, तो पलीकडचा चर्चजवळचा, आणि त्या तिसऱ्याची फळी फुटलीय, कुणी बदलत नाहीये, पोरं व्हिएन्नाला गेलीत.

मग दुपारी सावलीत बसल्यावर तिनं आजीची गोष्ट सांगितली. हे मळे तेव्हा हालोझेच्या लोकांचे नव्हतेच. ते उमरावांचे, मठांचे, प्तुयच्या व्यापाऱ्यांचे. डोंगरावर मालकाच्या खोपटात राहायचे ते विनिचार. राहायला खोपट, कोबी-बटाट्याला वीतभर जमीन, एखादी गाय, आणि त्या बदल्यात मालकाच्या मळ्यात वर्षाचे ठरलेले दिवस राबायचं. छाटणी, खोदणी, बांधणी. पावसानं माती उतारावरून खाली गेली की ती पाठीवरच्या टोपलीतून पुन्हा वर न्यायची. ही पद्धत मोडली दुसऱ्या महायुद्धानंतर. तिची आजी विनिचार्का होती.

‘‘आणि मालक?’’ ताईनं मला विचारायला लावलं.

मालकीण म्हणाली, मालक वर्षातून एकदा यायचे, तोडणीला. गावातून घोडागाडीनं. बरोबर बाजावाला, पोरंबाळं. दोन घड तोडायचे, इथं या झाडाखाली जेवायचे, केवढं सुंदर आहे म्हणायचे. आजी म्हणायची, त्यांचं मळ्यावर आमच्यापेक्षा जास्त प्रेम होतं. खरंच होतं. त्यांना कधी मातीची टोपली उचलावी लागली नव्हती ना.

हे मी ताईला मराठीत सांगत होते. शेवटचं वाक्य सांगताना माझा आवाज जरा खाली गेला. ताईच्या मांडीवर भाकरीसारखा जाड पाव होता, तिनं त्याचे दोन तुकडे केले, एक मला दिला. ‘‘किती दिवस राबायचे वर्षाला, ते विचार की,’’ म्हणाली. मी विचारलं नाही.

आमच्या घराचा फोटो माझ्या ग्राट्सच्या बैठकीत लावलाय. पुराच्या आधीचा. पडवी, जास्वंद, मागं नदी. येणारं प्रत्येक माणूस म्हणतं, केवढं सुंदर आहे.

किल्ल्यावर चौथ्या दिवशी सकाळी गेलो, आणि त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शस्त्रं, वाद्यं, सरदारांच्या खुर्च्या. युरोपातल्या किल्ल्यांत असतं ते सगळं. पण एका दालनात कुरेंत उभे होते. अंगभर मेंढीची कातडी, कमरेला गाईच्या घंटा, कातडी मुखवटा, त्यातून हनुवटीखाली लोंबणारी लालभडक जीभ, डोक्यावर शिंगं नाहीतर पिसं. हिवाळा संपत आला की हे प्तुयच्या पंचक्रोशीत दारोदार नाचत जातात. उड्या मारून घंटा वाजवायच्या आणि थंडीला हाकलायचं. पोरी त्यांच्या कमरेला रुमाल बांधतात. पूर्वी फक्त बिनलग्नाचे पुरुषच कुरेंत होत. आता बायाही होतात, लहान मुलंही. प्तुयचा मोठा उत्सव १९६० पासून भरतो, आणि २०१७ मध्ये युनेस्कोनं कुरेंतांच्या दारोदार फेरीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

ताई काचेशी नाक लावून उभी होती. मला माहीत होतं ती काय म्हणणार.

‘‘संकासुर,’’ आम्ही एकदमच म्हणालो.

काळा पायघोळ झगा, उंच टोकदार टोपी, वाखाची पांढरी दाढी, कमरेला घंटा. शिमग्यात पालखी यायच्या आधी त्या घंटा ऐकू यायच्या आणि मी माजघरात कोठीमागं लपायचे. ताई मला हाताला धरून ओढत बाहेर आणायची. ‘‘दादाच होता तो दोन वर्षं,’’ ताई आता म्हणाली.

‘‘कोण?’’

‘‘संकासुर. तुला सांगितलं नव्हतं. घाबरायचीस म्हणून गंमत वाटायची आम्हाला.’’ मग जरा थांबून, ‘‘आम्हा दोघांना.’’

पन्नास वर्षांपूर्वीचं हे ‘आम्ही’ मला मुळीच लागलं नाही, हे विशेष.

परतीची गाडी दुपारी होती. नदीकाठी, पादचारी पुलाजवळ, झाडांखाली टेबलं मांडलेली होती. मी एक श्प्रिट्सर मागवलं, म्हणजे पांढरी वाइन आणि त्यात तेवढाच सोडा. ताईनं माझ्या ग्लासकडे बघून ‘‘लिंबू-सोड्यासारखंच दिसतंय’’ असं म्हणून दोन घोट घेतले. लिंबू-सोडा नाही हे तिला पक्कं माहीत होतं. गावात अगदी मानानं एक जुनी वाइन जपून ठेवलीय, झ्लाता त्र्ता, १९१७ ची, देशातली सगळ्यात जुनी, असं मी सांगितलं. तिनं हिशेब केला. ‘‘महायुद्ध चालू होतं. पुरुष सगळे लढाईवर. मग तोडणी कुणी केली?’’ बाटलीवर तेवढं लिहीत नाहीत.

नदी तशीच, सुस्त. समोरच्या काठावरून गाव उलटं पाण्यात दिसत होतं, एक होडी आली आणि मनोऱ्याचे तुकडे झाले, मग पुन्हा जुळले. ताईनं पिशवीतून तो कागदी रुमाल काढला. घडी घालून ‘गीताई’त ठेवला होता. तेलाचा डाग आता सुकून पारदर्शक झाला होता, त्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं. आणि मग कसलीही प्रस्तावना न करता ती बोलायला लागली. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कुणी तिथं झोपत नाही हे. पाण्याची पातळी विचारायला दादा रात्री दोनला उठतो हे. खालच्या भिंतीला अजून पोपडे येतात, रंगवणाऱ्यानं तीनदा रंगवून हात टेकले हे. भाव काय येतोय. कोण विचारतंय. मी प्रश्न विचारत गेले. कौलांचं काय, वासे कुठल्या लाकडाचे, कुणी उतरवून नेईल का, न्हाणीपुढच्या त्या जात्याच्या तळ्या तरी. ‘‘तळ्या कुठं ठेवशील? ग्राट्सच्या चौथ्या मजल्यावर?’’ ‘‘नाही, तुझ्याकडे.’’ ‘‘माझ्याकडे कशाला? पायरी आहे मला.’’ असं बराच वेळ. दार कुणी आपटलं नाही. दार नव्हतंच तिथं.

वाढणारी बाई हिशेबाची वही घेऊन आली. ‘‘स्कूपाय अलि पोसेबेय?’’

ताईनं माझ्याकडे बघितलं.

‘‘बिल एकत्र करू की वेगवेगळं, विचारतेय.’’

ताईनं रुमालाची घडी घातली, पुस्तकात ठेवली, पुस्तक पिशवीत ठेवलं आणि पैशाचं पाकीट शोधायला लागली.

‘‘एकत्र सांग तिला,’’ ती म्हणाली. ‘‘आणि निम्मे तू दे.’’